दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप आणि सोबत दमा: ऑपरेशनला पाठवण्याआधी काय तयार ठेवावं?

तालुका_ओपीडी:

रुग्ण पुरुष, वय ४२. दोन वर्षांपासून दोन्ही नाकपुड्या पॉलिपने (अस्तराच्या सुजून लोंबणाऱ्या वाढीने) बंद, वास पूर्ण गेलेला, रात्री तोंडाने श्वास. दमा आहे, इनहेलर त्रास झाला की घेतात, एरवी नाही. मोमेटासोन स्प्रे दोन्ही वेळा असा तीन महिने झाला. प्रेडनिसोलोनचे वर्षात दोन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत नाक मोकळं, बंद केल्या की महिन्याभरात पुन्हा तेच. जिल्ह्याच्या सर्जननी दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन सांगितलंय आणि सीटी करून पाठवा म्हणालेत.

सीटी आत्ता करू की स्टिरॉइडचा आणखी एक कोर्स देऊन मग? भुलेसाठी दम्याची तयारी किती आधी सुरू करू? "परत वाढणारच असेल तर कापायचं कशाला?" असं घरचे विचारतात, त्यांना खरं उत्तर काय द्यावं? आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट गावी येणार, तेव्हा पहिला महिना माझ्याकडून काय व्हायला हवं?

एक राहिलं. मागे कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतल्यावर तासाभरात धाप लागली होती असं ते सांगतात. तेव्हा दम्याचाच अटॅक समजून नेब्युलायझर देऊन घरी सोडलं होतं.

---

कान_नाक_घसा:

डॉक्टर, तुम्ही "एक राहिलं" म्हणून जे लिहिलंय, तिथूनच सुरुवात करायला हवी. पॉलिप, दमा आणि वेदनाशामकाने धाप, हे तीन एकत्र आले की सॅम्टरची त्रयी मनात आणायचीच. केसपेपरवर सगळ्यात वर, लाल शाईने लिहा आणि पेशंटच्या पाकिटात चिठ्ठी ठेवायला सांगा.

ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. ही औषधं कॉक्स-१ हे एन्झाइम अडवतात. त्यामुळे दाह आवरून धरणारं प्रोस्टाग्लँडिन कमी पडतं आणि ल्युकोट्राइन भसाभस तयार होतात. अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत नाक वाहतं, डोळे लाल होतात, छाती आवळते. म्हणूनच कातडीवर टेस्ट डोस देऊन काही कळत नाही, आणि एक औषध सोसलं नाही तर दुसरं देऊन बघू हेही चालत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक सगळी एकाच वाटेवरची. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आहे हे पेशंटला वेगळं सांगावं लागतं, कारण घरात ती "तापाची गोळी" असते. मोतीबिंदूनंतर मिळणारे केटोरोलॅकचे डोळ्यांचे थेंबही ह्यातच आले. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते ६५० मिलिग्रॅम बहुतेकांना चालतं. पण वॉर्डात शिरेतून सर्रास १ ग्रॅमची बाटली लावतात, आणि तेवढ्या डोसला काहींना त्रास होतो. एटोरिकॉक्सिब बहुधा चालतं, तरी पहिली गोळी दवाखान्यात, समोर बसवून द्यावी.

आता सीटी. लक्षणं खूप असतील तर "आधी पूर्ण औषध, मग सीटी" हा क्रम बरोबर. तुमच्या रुग्णाचे स्प्रेचे तीन महिने आणि गोळ्यांचे दोन कोर्स झालेत. निव्वळ सीटीसाठी तिसरा कोर्स देऊ नका. वर्षाला एक-दोन कोर्सच्या पुढे गेलं की साखर, काचबिंदू, हाडं, खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा हे सगळं हिशेबात येतं. ताजी सर्दी असेल तर तेवढी ओसरू द्या. सीटी पीएनएस (नाकाभोवतीच्या सायनसचा) साधा, डाय न देता, १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप, तिन्ही दिशांनी. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. फिल्मवर छापलेल्या वीस-पंचवीस चित्रांवर ऑपरेशन आखता येत नाही, सर्जनला काप पुढेमागे सरकवून बघायचे असतात.

फिल्म आल्यावर आम्ही काय बघतो तेही सांगतो, म्हणजे रिपोर्ट वाचायला सोपा जाईल. वास घेणारी जागा कवटीच्या तळाशी किती खोल बसलीय, ही केरॉसची प्रतवारी: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७, आणि ८ ते १६. खोली जितकी जास्त तितकी बाजूची पातळ हाडभिंत आपल्या वाटेत येते आणि मेंदूभोवतीचं पाणी गळायचा धोका वाढतो. पुढची एथमॉइड धमनी (एथमॉइड म्हणजे डोळ्यांच्या मधला सायनस) हाडात आहे की पडद्यावर लोंबतेय. डोळ्याची कागदी भिंत, म्हणजे नाक आणि डोळ्याच्या मधलं पातळ हाड, कुठे फाटलीय का. एथमॉइडच्या सगळ्यात मागच्या खोलीत डोळ्याची नस उघडी आहे का. स्फेनॉइडमधला (सगळ्यात मागच्या सायनसमधला) पडदा कॅरॉटिडच्या (मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या) हाडावर जाऊन टेकलाय का, कारण टेकला असेल तर तो ओढून तोडायचा नसतो. लंड-मॅके गुण २४ पैकी किती हे रिपोर्टमध्ये असेल. रोग किती पसरलाय ते त्यातून कळतं, ऑपरेशन अवघड की सोपं ते नाही.

"नाकात मांस वाढलंय" असं सांगून जे येतात त्यांच्याबद्दल एक. त्यातल्या पुष्कळांना पॉलिप नसतोच, खालचं टर्बिनेट (नाकातला नेहमीचा मांसल उंचवटा) सुजलेलं असतं. टर्बिनेट गुलाबी असतं आणि कापसाची काडी लावली की पेशंट दचकतो. पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा, राखाडी, ओलसर चमकणारा. काडी लावली तरी कळत नाही, आणि काडीने बाजूला सरकतो. एकाच बाजूला असेल तर मात्र साधा पॉलिप धरून चालू नका. त्यात इन्व्हर्टेड पॅपिलोमा (एक प्रकारची गाठ), बुरशीचा गोळा, क्वचित कर्करोगही निघतो. वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक बंद आणि भरपूर रक्त, तर ओपीडीत तुकडा घ्यायचा मोह टाळा. अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) निघाला तर रक्त थांबवणं हातात राहत नाही. अगदी लहान मुलाच्या नाकात वर "पॉलिप" दिसला तर ते मेंदूचं आवरण खाली उतरलेलं असू शकतं. सीटी-एमआरआय झाल्याशिवाय हात लावू नये.

घरच्यांना खरं उत्तर हे: पॉलिप ही आतल्या अस्तराच्या दाहाची खूण आहे, गाठ नाही. ऑपरेशन दाह बरा करत नाही. एथमॉइड म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक खोल्या. त्यांच्या मधल्या भिंती काढून, गालाच्या, कपाळाच्या आणि मागच्या सायनसची दारं रुंद केली की धुण्याचं पाणी आणि स्टिरॉइड थेट अस्तरापर्यंत पोचतं. आज बंद नाकात स्प्रे मारला तर तो पॉलिपच्या टोकावरच बसतो. नुसती द्राक्षं तोडून खोल्या तशाच ठेवल्या की वर्षभरात नाक पुन्हा भरतं, जुन्या पद्धतीत तेच व्हायचं. पूर्ण ऑपरेशन करूनही दुर्बिणीतून पाहिलं तर दीड वर्षात दहातल्या साधारण चौघांत पॉलिप पुन्हा दिसतात, आणि सॅम्टरवाल्यांत त्याहून जास्त. पण दुर्बिणीत दिसणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं. पुष्कळांचं नाक तेव्हाही मोकळंच असतं आणि स्प्रे-वॉशवर भागतं. "मुळापासून काढून टाकू" असं आश्वासन कुणी देऊ नये. ते ऐकलेला पेशंट तिसऱ्या महिन्यात स्प्रे बंद करतो.

---

भूलघर:

दम्याचं मी घेतो. फक्त "त्रास झाला की इनहेलर" एवढ्यावर भागवणं आजपासून बंद. रोजचा स्टिरॉइड इनहेलर किमान चार आठवडे नियमित, स्पेसरने, नंतर चूळ. घरी पीक फ्लो मीटर (फुंकीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. आदल्या आठवड्यात स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर सोडलेली हवा) रुग्णाच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हवा. छातीत शिट्टी ऐकू येत असेल किंवा नुकता मोठा अटॅक येऊन गेला असेल तर तारीख चार ते सहा आठवडे पुढे ढकला. हे नियोजित ऑपरेशन आहे, घाई कसलीच नाही.

प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम सकाळी, आधीचे पाच ते सात दिवस, सर्जनशी बोलून. अस्तर आकसतं, रक्तस्राव कमी होतो आणि फुप्फुसंही शांत राहतात. वर सरांनी तिसरा कोर्स नको म्हटलंय ते सीटीपुरतं. हा कोर्स ऑपरेशनपूर्वीचा, आणि तो देण्यासारखा आहे. देण्यापूर्वी साखर आणि डोळ्याचा दाब विचारात घ्या. मागच्या तीन महिन्यांत तीन-चार आठवडे सलग गोळ्या झाल्या असतील तर तारखांसह लिहून पाठवा, ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन (शिरेतून द्यायचं स्टिरॉइड) द्यायचं का ते ठरवायला लागतं.

रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून थांबवू नयेत. स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत हवं. लसूण-कॅप्सूल, फिश ऑइल असलं काही चालू असेल तर आठवडाभर आधी बंद. लोक ह्याला औषध म्हणत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा.

टेबलवर काय होतं तेही कळलं तर तुमचा पेशंट कमी घाबरेल. पूर्ण भूल असते. डोकं १५ ते २० अंश वर. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल चालवलं की नाडी ६०च्या आसपास राहते. दुर्बिणीच्या टोकावर एक थेंब रक्त बसलं तरी सर्जनला सगळं लाल दिसतं, म्हणून नुसता रक्तदाब खाली आणण्यापेक्षा नाडी संथ ठेवणं अधिक कामाचं. सरासरी दाब ६० ते ७०. वृद्धांत आणि ब्लडप्रेशरवाल्यांत इतकं खाली जायचं नाही.

धोका जिथे खरोखर होतो ती जागा म्हणजे अ‍ॅड्रेनालिनच्या दोन वाट्या. नाकात ठेवायच्या पट्टीवर लावायचं १:१००० आणि टोचायचं लिग्नोकेनमधलं १:१,००,००० किंवा १:२,००,०००, दोन्ही रंगहीन. पट्टीच्या वाटीतलं टोचायच्या सिरिंजमध्ये गेलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून पट्टीच्या वाटीत रंग घालतात आणि टोचायचं औषध उघड्या वाटीत ओततच नाहीत. दुसरी गोष्ट घशातली पट्टी. घातली की फळ्यावर लिहायची, काढली की मोठ्याने सांगायची.

---

तालुका_ओपीडी:

दोघांचे आभार. सीटी झाला. दोन्ही बाजू भरलेल्या, लंड-मॅके २०. पण रिपोर्टमध्ये "सायनसमध्ये हायपरडेन्स भाग, बुरशीची शक्यता" असं आहे. रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जी-दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ७८०. घरचे बुरशी हा शब्द वाचून हादरलेत, २०२१मधलं म्युकर त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. काय सांगू?

---

कान_नाक_घसा:

त्यांना पहिल्यांदा हे सांगा: म्युकर अस्तरात आणि रक्तवाहिन्यांत घुसतो, ऊती काळ्या पडून मरतात, आणि तो बहुधा बेताल साखरेत किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या शरीरात येतो. दिवसांत वाढतो. तुमच्या रुग्णाचं दुखणं दोन वर्षांचं आहे, साखर नाही, गाल बधिर नाही, नजर ठीक आहे. इथे शक्यता अ‍ॅलर्जिक फंगल सायनसची. त्यात बुरशी अस्तराच्या बाहेर, घट्ट शेंबडात असते आणि शरीर तिच्याविरुद्ध जास्तीची प्रतिक्रिया देतं. सीटीवर करड्या सायनसच्या मध्ये पांढरट ढग दिसतो तो हाच शेंबूड. बाहेर काढताना तो आटलेल्या काकवीसारखा, तपकिरी-हिरवट, तार सुटणारा असतो. सक्शनच्या नळीत अडकून बसतो, मग पाणी मारून आणि वाकड्या क्युरेटने खरवडून काढावा लागतो. एका कोपऱ्यात राहिला तर तिथूनच पुन्हा सुरू. बुरशीविरोधी गोळ्यांची इथे पहिल्या झटक्यात गरज नसते. काम ऑपरेशन, नंतरचं स्टिरॉइड आणि धुणं ह्यांचं. उष्ण-दमट हवेत हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

दाबाने डोळ्याची भिंत पातळ झालीय का एवढं रेडिओलॉजिस्टना विचारून घ्या. ऑपरेशनच्या वेळी डोळे चादरीखाली झाकत नाहीत ते ह्याचसाठी. मदतनीस बोटाने डोळा हलकेच दाबतो आणि सर्जन दुर्बिणीतून बघतो. आतली भिंत हलली तर समजायचं की हाड गेलंय आणि पुढे चरबी आहे. तिथे मायक्रोडेब्रायडरचं तोंड वळवायचं नाही, कारण ते यंत्र ओढून घेऊन कापतं आणि त्याला चरबी व पॉलिप ह्यांतला फरक कळत नाही.

काढलेला भाग पॅथॉलॉजीला दोन बाटल्यांत जावा, उजवी-डावी वेगळी. अर्जावर "एका हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात) इओसिनोफिल किती" असं स्पष्ट लिहून मागायला सर्जनना सांगा. तो कागद आणि ७८०चा रिपोर्ट जपून ठेवा. पुढे पॉलिप परतले आणि इंजेक्शनचा (दाह रोखणाऱ्या बायोलॉजिक औषधांचा) विचार करायची वेळ आली तर हेच मागितलं जातं.

---

ईएनटी_वॉर्ड_सिस्टर:

डॉक्टर, पहिल्या महिन्याचं मी लिहिते.

नाकात पॅक (रक्त थांबवायला ठेवलेला बोळा) घातला असेल तर २४ ते ४८ तासांत काढतात. विरघळणारा असेल तर तो जेलीसारखा तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतो. पेशंटला आधी सांगितलं नसेल तर तो "आतलं काहीतरी पडलं" म्हणून रात्री फोन करतो. पहिले तीन-चार दिवस गुलाबी पाणी, मधूनच रक्ताचा धागा, हे चालतं. दोन उशा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. जोरात शिंकरलं तर हवा डोळ्याभोवती शिरते, पापणी फुगते आणि बोट लावलं की कुरकुरते. वजन, वाकून काम, बैल-ट्रॅक्टर, सगळं दोन आठवडे बंद. नाकात तूप-तेल काहीही घालायचं नाही.

धुणं पॅक निघाल्यावर, एक-दोन दिवसांत सुरू. २४० मिलिची दाबायची बाटली. पाणी खळखळ उकळी येऊन किमान एक मिनिट उकळलेलं आणि झाकून कोमट केलेलं. फिल्टरचं, आरओचं, बोअरचं पाणी तसंच चालत नाही. त्यात जंतू असतात, आणि नाकातून मेंदूत जाणारा अमीबा दुर्मिळ असला तरी जीवघेणा आहे. पुड्या मिळतात, नाहीतर एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे सिरपसोबतच्या ५ मिलिच्या चमच्याने सपाट दीड चमचा, आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. भरडं मीठ चमच्याने मोजू नका, ते कमी भरतं. पाणी कमी खारट झालं की नाक चरचरतं, पेशंट "सोसत नाही" म्हणून सोडून देतो, आणि चूक मोजण्याची असते. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी फेकायचं. बाटली रोज साबणाने धुऊन उघडी वाळवायची.

बेसिनवर पुढे वाकून, तोंड उघडं, श्वास रोखून घशातून "क" म्हणायचा, म्हणजे पाणी घशात उतरत नाही. बाटली हळू दाबायची. जोराने दाबली तर कान दुखतो. दिवसातून दोन-तीनदा. सर्जननी ब्युडेसोनाइड लिहिलं असेल तर नेब्युलायझरची ०.५ मिलिग्रॅमची, २ मिलिची एक रेस्प्यूल (प्लास्टिकची छोटी कुपी) त्या २४० मिलित हलवून, अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. आधी एकदा साधं धुवायचं, खपल्या मऊ पडतात. मग औषधाचं.

सर्जनकडे पहिल्या आठवड्यात, मग दोन-तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी जायचंच. खपल्या आणि गोठलेलं रक्त दुर्बिणीखाली काढतात. ही फेरी चुकवली की मधलं टर्बिनेट बाजूच्या भिंतीला चिकटतं आणि कपाळाच्या सायनसचं दार बंद होतं. बरं वाटतंय म्हणून फेरी चुकवणारे पुष्कळ असतात.

वेदनाशामकाचं एक. डिस्चार्ज कार्डवरच्या छापील औषधांत डायक्लोफिनॅक राहून जातं. पेशंट गावी पोचल्यावर पहिलं काम कार्ड स्वतः वाचा.

---

कान_नाक_घसा:

सिस्टरनी सगळंच लिहिलंय. मी धोक्याच्या खुणा जोडतो.

डोळा अचानक फुगला, घट्ट लागला, नजर धूसर झाली: डोळ्यामागे रक्त साठतंय, हातात तास-दीड तास असतो. नाकात पॅक असेल तर काढा, सर्जनना फोन करत गाडी काढा. वाकल्यावर एका बाजूने पाण्यासारखा थेंब टपटप पडतोय, चव खारट: रुमालावर घ्या. शेंबूड वाळल्यावर कापड कडक होतं, मेंदूचं पाणी वाळलं तर नाही. ही घरगुती चाचणी फक्त संशयापुरती, पक्कं बीटा-२ ट्रान्सफेरिनने (मेंदूच्या पाण्यातल्या प्रथिनाची लॅब तपासणी). सोबत डोकेदुखी, ताप, मान ताठ असेल तर त्याच दिवशी पाठवा. पाचव्या ते दहाव्या दिवशी रक्त सुटणं हेही होतं: पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दाबा, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर पाठवा. हे थेंब एरवीही पाच दिवसांपुढे द्यायचे नाहीत.

---

तालुका_ओपीडी:

शेवटचे दोन. वास परत येईल का? आणि इंजेक्शनचं तुम्ही म्हणालात ते कधी?

---

कान_नाक_घसा:

स्टिरॉइडच्या गोळ्यांवर असताना चार दिवस तरी वास आला होता का, हे विचारा. आला असेल तर नस जिवंत आहे, ऑपरेशननंतर आशा चांगली. अजिबात आला नसेल तर शब्द देऊ नका. तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म बसवायला सांगा आणि शिळं अन्न दुसऱ्याकडून हुंगवून घ्यायला सांगा.

इंजेक्शन म्हणजे ड्युपिलुमॅब ३०० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, मेपोलिझुमॅब १०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, किंवा ओमालिझुमॅब. युरोपच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेनुसार ऑपरेशन होऊनही दोन्ही बाजूंचे पॉलिप परतले आणि पाचांपैकी तीन निकष बसले तर: इओसिनोफिलचा पुरावा (रक्तात २५० किंवा जास्त, ऊतीत एका हाय पॉवर फील्डमध्ये १० किंवा जास्त), वर्षात स्टिरॉइडचे दोन कोर्स, स्नॉट-२२ (नाक-सायनसच्या त्रासाची प्रश्नावली) चे गुण ४० किंवा वर, वास गेलेला, आणि स्टिरॉइड इनहेलर लागणारा दमा. तुमचा रुग्ण त्या यादीच्या जवळ आहे, पण पहिलं ऑपरेशन नीट होऊ द्या. इंजेक्शनं महाग आहेत आणि थांबवली की बहुतेकांत पॉलिप परततात. सॅम्टरमध्ये ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी अ‍ॅस्पिरिन डिसेन्सिटायझेशन (हळूहळू वाढत्या डोसने अ‍ॅस्पिरिन सोसायची सवय लावणं) हाही मार्ग असतो, तो फक्त आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी. घरी थोडी थोडी अ‍ॅस्पिरिन देऊन बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

विमा असेल तर पॉलिसी आधी काढून बघा. आरोग्य संजीवनीसह अनेक पॉलिसींत नाक-कान-घशाच्या साध्या आजारांना २४ महिन्यांची थांबण्याची मुदत असते. डेब्रायडरचं ब्लेड आणि विरघळणारा पॅक बिलात वेगळे लागतात, तेही आधीच विचारून ठेवा.

आणि ऑपरेशननंतर स्प्रे पुन्हा सुरू झाला की एकदा तुमच्या टेबलासमोर मारायला सांगा. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मान किंचित खाली, आणि जोरात न ओढता. घशात कडू लागलं तर मान वर होती किंवा जोरात ओढलं. मधल्या पडद्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर टोक आत वळलं होतं.